पाठ तेविसावा

लाखांदूरला, गटसाधन केंद्राच्या वरच्या खोलीत
तीन दिवस आम्ही बत्तीस मास्तर-मास्तरणी
लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो.
एक पंखा, एक प्रोजेक्टर, दोघांचं एका बोर्डावर जमेना;
चित्र हवं तर घाम, वारा हवा तर अंधार.

कापगते मॅडम म्हणाल्या, व्हिडिओ लावता सगळ्यांनाच येतं.
थांबवता कोणाला येतं?
आम्ही हसलो.
मग त्यांनी एकेकाच्या हातात रिमोट दिला
आणि कळलं, एकोणीस वर्षं
मी कुठंच थांबले नव्हते.
धडा सुरू झाला की स्वाध्यायापर्यंत एका दमात,
हात करणाऱ्यांना फाट्यावर सोडून
भरलेली एसटी जाते तशी.

दुसऱ्या दिवशी आवाजही बंद करायला लावला.
'चला तर मग, बालमित्रांनो' म्हणणारी पडद्यातली बाई
शब्द तोंडात असतानाच गप्प झाली.
आता तुम्ही बोला.
नाकाडे सर, निवृत्तीला आठ महिने,
मुक्या बेडकापुढं उभे राहिले, घसा खाकरला
आणि पाणी मागितलं.

तिसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह मिळाला, चौसष्ट पाठांचा.
तो मी डब्यात, पोळीच्या फडक्यात गुंडाळून आणला.
प्रमाणपत्रावर यशोदा हुमणे.
मी यशोधरा.

आठवी. पाठ तेविसावा, रक्ताभिसरण.
खिडक्यांना धानाची रिकामी पोती टांगली,
तरी एका भोकातून उन्हाची काडी
नेमकी उजव्या कर्णिकेवर येऊन टेकली.
आवाज बंद केला.
लाल-निळं हृदय भिंतीवर मुक्यानं हलत राहिलं.
सांगा, काय दिसतं?

कोणी नाही.
(गप्पपणाला घाबरू नका, मॅडमनी सांगितलं होतं,
मनात वीसपर्यंत मोजा. मी अठरावर होते.)

मागच्या बाकावरून चेतराम,
ज्याचा पेपर मी गठ्ठ्यात नेहमी खाली सरकवते,
म्हणाला, 'तुडुम हाये जी.
आपल्या तळ्याले हाये ना, तसा.
पानी जाते, वापस नाही येत.'

झडप हा शब्द मी फळ्यावर लिहिणार होते.
खडू हातातच राहिला.

'पन तुडुम त पानकर उघडते,' त्रिवेणी उठून उभी राहिली.
'इथचा पानकर कोन?'

मी व्हिडिओ थांबवला.
भिंतीवरचं हृदय अर्धं मिटून अडकलं
आणि खोलीतली एकतीस पोरं
मनगटावर बोट ठेवून आपापलं शोधायला लागली.
'मले भेटूनच नाही राहिली जी नाडी,'
आशय रडायच्या बेतात.
त्याचं बोट मी अंगठ्याच्या मुळाशी सरकवलं.
मग तो एकदम गप्प.

पुढचा भाग मी रात्रीच पाहून ठेवला होता.
पानकराबद्दल त्यात काही नाही.
पुस्तकात नाही.
'मला माहीत नाही,' मी म्हणाले.
हे वाक्य वर्गात मोठ्यानं म्हणायचं
तिथं, त्या वरच्या खोलीत, आम्ही दोनदा घोकलं होतं,
तरी जीभ अडखळली.
कोणी हसलं नाही.
मागचे दोन बाक करकरत पुढं सरकले.

फळ्याच्या कोपऱ्यात, जिथं रोज पटसंख्या लिहिते,
लिहिलं: हृदयाचा पानकर कोण?

खिचडीच्या सुट्टीनंतर त्रिवेणीचा आजा आला,
सोविंदा नान्हे, तळ्याचा पानकर,
आधारची झेरॉक्स द्यायला.
चिखलाचे पाय म्हणून उंबऱ्यातच थांबला,
तिथूनच अक्षरं जुळवत वाचलं.
दोनदा.
टोपी काढून डोकं खाजवलं.
मग विचारलं,
'त्याले पगार भेटते का जी?'

पोरं हसली.
तो हसला नाही.
खडू शोधून मी पहिल्या प्रश्नाखाली
दुसरा लिहिला.